लंडन ५ तास की १५ तास? किलोमीटर आणि घड्याळाचा घोळ

मावशीचं तिकीट आलं तेव्हा आमच्या डिचोलीच्या घरात जवळपास भांडणच. गोव्याच्या मोपा विमानतळाहून सकाळी ८ ला सुटणार, लंडनच्या गॅटविक विमानतळाला दुपारी १ ला पोचणार, आई बोटं मोजून म्हणाली "५ तासच की गं, एवढ्यात तर आपली मुंबईची बस रत्नागिरीपण गाठत नाही!" आणि येतानाचं बघितलं तर संध्याकाळी ६ ते सकाळी ९, म्हणजे १५. काका म्हणाले येताना मध्ये कुठे थांबत असणार. थांबत बिंबत काही नाही हो, थेट विमान होतं.

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. थंडीत आपलं घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे, म्हणून जाताना ५ अधिक साडेपाच म्हणजे साडेदहा तास, येताना १५ मधून साडेपाच गेले की साडेनऊ. (मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हाच फरक साडेचार होतो, कारण तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात.) फरक लक्षात नसेल तर माझी युक्ती, ५ आणि १५ ची बेरीज करून निम्मे करा, १० येतात, घड्याळाचा फरक आपोआप कटतो आणि एका बाजूचा सरासरी वेळ हातात येतो.

आता अंतर. मोपा ते गॅटविक सरळ मोजलं तर साधारण साडेसात हजार किलोमीटर. विमान वर ताशी ९०० च्या आसपास जातं, म्हणजे सव्वाआठ तास व्हायला पाहिजेत ना? मग वरचे दीड-दोन तास जातात कुठे?

मांडवीकाठी रायबंदरच्या धक्क्यावर उभं राहा, समोर चोडण बेट दिसतं, पण फेरीबोट चुकली की ते 'समोर' किती लांब होतं ते तिथल्या माणसाला विचारा. विमानाचंही तेच. साडेसात हजार ही पृथ्वीच्या गोलावरची सगळ्यात जवळची रेघ, ती इराणवरून, काळ्या समुद्रावरून जाते, शाळेच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवलीत तर भलत्याच देशांवरून जाईल. पण कुठे युद्ध, कुठे आकाश बंद, म्हणून विमान ती रेघ सोडून वळसा घालतं. त्यात तिकिटावरचा वेळ गेटवरून हलल्यापासून तिकडच्या गेटवर थांबेपर्यंतचा, त्यामुळे रनवेपर्यंत रांगत जाणं, उतरायच्या आधी लंडनवर घिरट्या, सगळं त्यातच धरलेलं.

आणि वारा! १०-१२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, थंडीत तर फारच. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. मावशीच्या तिकिटावरचा साडेदहा आणि साडेनऊमधला तो एक तास बहुतेक वाऱ्याचाच, किलोमीटर तेवढेच असले तरी.

एवढं सगळं मी समजावलं, काकांनी मान डोलवली, आणि मग येतानाच्या ९ च्या बाजूचं बारीक '+१' (म्हणजे दुसऱ्या दिवशी पोचणार) न बघता गाडीवाल्याला शनिवारी सकाळी मोपाला नेऊन उभं केलं. मावशीचं विमान सुटणार होतं शनिवारी संध्याकाळी. गाडीवाल्याने ९ ला फोन लावला तेव्हा तिच्याकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते, काय काय ऐकवलं ते तो अजून सांगत नाही.