चिल्लरीतील नाणेशोध (मराठवाडा)

रोजच्या व्यवहारात हाती येणारी नाणी खर्चण्यापूर्वी न्याहाळायची आणि त्यांतली हवी असलेली बाजूला काढायची, असा हा छंद आहे. वेगळे वर्ष, वेगळी टांकसाळ, स्मारक छाप किंवा छपाईतली चूक यांपैकी काहीही नाणे ठेवून घेण्याचे कारण होऊ शकते. व्यापाऱ्याकडून नाणी विकत घेण्याहून हा प्रकार निराळा आहे. यात दर्शनी किमतीपेक्षा एक पैसाही जास्त जात नाही आणि नको असलेले नाणे पुन्हा बाजारात चालते. म्हणून शाळकरी मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत कोणालाही तो परवडतो.

मराठवाड्यात चिल्लर मिळण्याची ठिकाणे ठरलेली आहेत: किराणा दुकानाचा गल्ला, पानटपरी, एसटीच्या वाहकाची पिशवी, आठवडी बाजारातला भाजीवाला. सर्वांत संमिश्र चिल्लर मात्र देवस्थानांभोवती सापडते. तुळजापूर, परळी, औंढा नागनाथ आणि नांदेडचा हुजूर साहिब गुरुद्वारा येथे परराज्यांतूनही भाविक येतात, त्यामुळे प्रसादाच्या आणि नारळाच्या दुकानांतली नाणी दूरदूरची असतात. गोदावरीत श्रद्धेने टाकलेली नाणी दोरीला लोहचुंबक बांधून काढणारी मुलेही नकळत याच कामात असतात. चुंबकाला स्टेनलेस स्टीलची आणि जुनी शुद्ध निकेलची नाणी चिकटतात. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची चिकटत नाहीत. जुना रुपया किंवा जुने पाच रुपये कोणत्या धातूचे आहेत हे ओळखायला हीच परीक्षा घरीही पुरते.

नाणे पाहताना नजर आधी वर्षाकडे जावी आणि मग वर्षाखालच्या बारीक खुणेकडे. तिथे चौकट (शंकरपाळ्याचा आकार) असेल तर नाणे मुंबईचे, पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे. काहीच नसेल तर ते कोलकात्याचे. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे ठिपका त्याआधीच्या वर्षांवर शोधू नये. नाण्यांची टंचाई असताना काही नाणी परदेशातही पाडून घेतली गेली. १९८५ च्या एक रुपयावर वर्षाखाली रोमन ‘एच’ दिसला तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे. एकाच मूल्याची सगळी वर्षे आणि प्रत्येक वर्षाच्या चारही टांकसाळी जमवणे हे या छंदाचे खरे काम आहे. ते वर्षानुवर्षे चालते आणि त्यातला आनंद दुर्मीळ नाण्याच्या शोधापेक्षा अधिक टिकाऊ आहे.

ताऱ्याच्या खुणेला या प्रदेशात वेगळे वजन आहे. हैदराबादची टांकसाळ मुळात निजामाची होती. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा येथे संस्थानचा ‘हाली सिक्का’ चालत असे, तर ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला ‘कलदार’ म्हणत. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब असे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आले. हाली नाणी मात्र १९५० च्या दशकातही काही काळ व्यवहारात राहिली. त्यांच्यावर चारमिनार आहे. त्याच्या कमानीत ‘मीम’ हे उर्दू अक्षर असेल तर नाणे निजाम मीर महबूब अलींचे आणि ‘ऐन’ असेल तर त्यांच्यानंतरचे निजाम मीर उस्मान अलींचे. चिल्लरीत ती आता येत नाहीत, पण घरातल्या आजीच्या डब्यात निघू शकतात. बंजारा स्त्रियांच्या जुन्या दागिन्यांतही चांदीची नाणी दिसतात. कडी जोडलेल्या अशा नाण्याला संग्राहक कमी भाव देतात, पण ते मोडून नाणे सुटे करणे म्हणजे दागिना गमावणे.

स्मारक नाणी अजूनही अधूनमधून हाती लागतात. भारताने पहिली स्मारक नाणी १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर काढली. मराठी माणूस आवर्जून ठेवतो ती नाणी अशी: १९९० चा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा एक रुपया, १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया आणि त्याच वर्षाचे छत्रपती शिवाजी महाराजांचे अकरा कोनी दोन रुपये. ज्ञानेश्वरांचे आपेगाव पैठणजवळच आहे, म्हणून हा रुपया येथल्या संग्रहात असायलाच हवा. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. पन्नास पैसे मात्र कायद्याने अजून चालतात, दुकानदार घेत नसले तरी.

मोठ्या पैशाच्या आशेने या छंदाकडे वळणाऱ्यांची फसवणूक होते. वैष्णोदेवीचे पाच किंवा दहा रुपयांचे नाणे लाखाला जाते, असे संदेश फिरतात. आधी ‘शुल्क’ किंवा ‘कर’ भरायला सांगून पैसे उकळले जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबाबत स्पष्ट इशारा दिला: जुनी नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी तिने कोणाला नेमलेलेही नाही. दहाचे अमुक नाणे खोटे असते, ही भीतीही अशीच निराधार आहे. पंधरा रेषांचे असो वा दहा रेषांचे, जानेवारी २०१८ मध्ये बँकेने दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध असल्याचे जाहीर केले. ही दोन्ही रूपे संग्रहात शेजारी शेजारी ठेवावीत.

नाणे चिंचेने, लिंबाने किंवा राखेने घासू नये. पृष्ठभागावरचा जुना रंग गेला की संग्राहकाच्या लेखी त्याचे मोल घटते. नाणे वितळवणे किंवा तोडणे हा २०११ च्या नाणे कायद्यानुसार गुन्हा आहे.

पैठण आणि तेर परिसरात पावसानंतर शेतात सातवाहनकालीन शिशाची व तांब्याची नाणी उघडी पडतात. ती चिल्लर नव्हे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. अशा वस्तू पाहायच्या तर तेरचे रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय आणि पैठणचे बाळासाहेब पाटील वस्तुसंग्रहालय ही योग्य ठिकाणे आहेत.