गिरण्यांची जमीन आणि मुंबईतल्या घरांचे भाव : पार्श्वभूमी

लालबाग-परळमध्ये आज दोन बेडरूमचं घर घ्यायचं म्हटलं की आकडा कोटींतच निघतो. मुंबईला समुद्राचा वेढा आहे, जागाच शिल्लक नाही, मग भाव चढणारच, असं कारण नेहमी दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. शहराच्या ऐन मध्यावर बंद पडत चाललेल्या कापडगिरण्यांची सुमारे 600 एकर जमीन एकदा मोकळी होत होती. तिचं काय झालं हे पाहिल्याशिवाय आजचे भाव समजत नाहीत.

त्याआधीच्या दोन कायद्यांचा उल्लेख करायला हवा. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू तगले, पण भाड्याने देण्यासाठी घरं बांधणं हळूहळू थांबलं आणि पागडी, म्हणजे भाड्याच्या घराचा ताबा मिळवण्यासाठी द्यायची एकरकमी रक्कम, रूढ झाली. 1976 च्या कमाल नागरी जमीनधारणा कायद्याने शहरातल्या मोकळ्या जमिनीच्या मालकीवर मर्यादा घातली; वरच्या जमिनीतून गरिबांच्या घरांसाठी जागा मिळायची होती. बरीचशी सवलतींत आणि कोर्टकज्ज्यांत अडकली. 2007 मध्ये महाराष्ट्राने तो कायदाच रद्द केला.

खरं वळण गिरणगावात, म्हणजे लालबाग-परळच्या गिरण्यांच्या भागात आलं. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि कापडापेक्षा खालच्या जमिनीला जास्त मोल आलं.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला 58 वा नियम या जमिनीसाठीच होता. ढोबळमानाने तीन वाटे : एक पालिकेला उद्यानं-मैदानांसाठी, एक सरकारी गृहनिर्माणाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. मालक फारसे पुढे आले नाहीत. काहींनी जुन्या शेडच्या भिंती तशाच ठेवून आत कार्यालयं आणि करमणुकीची ठिकाणं थाटली, म्हणजे बांधकाम पाडलंच नाही आणि वाटणीचा प्रश्नच उरला नाही.

2001 मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची. बांधकाम पाडून जी जमीन रिकामी होईल ती मालकाची. हा बदल कागदावर किरकोळ वाटतो, म्हणून हिशेब मांडून पाहू. समजा गिरणी 12 एकरांवर आहे आणि त्यातल्या 10 एकरांवर सूतखातं, माग, बॉयलर, गोदामं उभी आहेत. जुन्या नियमाने मैदानासाठी 4 एकर मिळाले असते. नव्या नियमाने वाटणीला 2 एकरच उरतात आणि त्यांचा तिसरा हिस्सा म्हणजे साधारण 27 गुंठे. परवडणाऱ्या घरांच्या वाट्याचीही तीच गत. गिरण्या दाटीवाटीने बांधलेल्या असत, हे नियम बदलणाऱ्यांना ठाऊक नसेल असं मानणं कठीण आहे.

बदलाच्या बाजूने युक्तिवाद होता : जमीन विकल्याशिवाय कामगारांची थकीत देणी फिटणार नाहीत आणि जुन्या नियमाने जमीन पडूनच राहिली होती. त्यात तथ्य होतं. देणी अनेकांना मिळालीही. पण देण्यांसाठी शहराचा वाटा सोडायलाच हवा होता का, याचं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने मूळ वाटणीच्या बाजूने कौल दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून 2001 ची दुरुस्ती कायम ठेवली.

दरम्यान 2005 मध्ये सरकारी गिरण्यांच्या जमिनींचे लिलाव झाले. शेकडो कोटींच्या बोलींनी परिसराचा दर ठरवून टाकला. इतक्या महाग घेतलेल्या जमिनीवर मध्यमवर्गासाठी घरं बांधणार कोण? टॉवर आले, मॉल आले. चाळीतली दहा बाय बाराची खोली विकून माणसं डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली.

कामगारांच्या वाट्याला सोडत आली. 2012 च्या पहिल्या सोडतीत 6,925 घरं होती, प्रत्येकी 225 चौरस फूट. अर्ज होते दीड लाखाच्या घरात. नंतरच्या सोडतींनीही ही दरी भरली नाही. आता कर्जत मार्गावरच्या शेलू आणि वांगणी इथे घरं देण्याची योजना आहे. अर्जदारांपैकी कित्येक कामगार हयात नाहीत. त्यांचे वारस मोर्चे काढून म्हणतात, आमच्या माणसांनी मुंबईत राबून आयुष्य काढलं, घरही मुंबईतच द्या.