सायनसच्या ऑपरेशननंतरची विरघळणारी जाळी: पार्श्वभूमी

सोलापुरात मागाच्या धुळीत आणि उन्हाळ्याच्या फुफाट्यात दिवस काढणाऱ्यांना चोंदलेलं नाक नवं नाही. सायनसचं दुर्बिणीचं ऑपरेशनही इथं आता ओळखीचं झालंय. रुग्ण धास्तावतो तो नाकात कोंबलेल्या पट्टीला, ती ओढून काढतानाच्या कळांना. औषध सोडणारी जाळी आली ती ऑपरेशननंतरच्या याच दिवसांसाठी.

1893 मध्ये न्यूयॉर्कचे कॉल्डवेल आणि 1897 मध्ये पॅरिसचे ल्यूक यांनी वरच्या ओठाखालून छेद देऊन गालाच्या पोकळीत शिरायची पद्धत मांडली. ती कित्येक दशकं चालली. पू निघायचा, तरी अनेकांचा त्रास परतायचा. का, ते ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या मेसरक्लिंगर यांनी दाखवलं. पोकळीच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस शेंबूड मूळच्या छिद्राकडेच ढकलत नेतात. शेजारी नवं भोक पाडलं तरी तो त्याला वळसा घालून जातो. माझ्या मते या विषयातला हाच सर्वांत मोठा शोध. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्या बारीक दुर्बिणीमुळे ती मूळची वाट मोकळी करता येऊ लागली. 1985 च्या सुमारास नाक-कान-घशाचे सर्जन केनेडी यांनी ही शस्त्रक्रिया अमेरिकेत रुजवली.

पण उघडलेली वाट पुन्हा बुजायची. जखम भरताना सूज येते, मधलं टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आतलं पडद्यासारखं हाड, बाजूच्या भिंतीला चिकटतं. स्प्रे खपल्यांपलीकडे नीट पोचत नाही आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मधुमेह्यांची साखर चढते. हृदयाच्या डॉक्टरांपुढेही असाच पेच होता: उघडलेली रक्तवाहिनी पुन्हा बुजायची. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला अमेरिकेत 2003 मध्ये मंजुरी मिळाली. नाकासाठी तशी जाळी, प्रोपेल, तिथंच 2011 मध्ये मंजूर झाली. ती विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीच्या पदार्थाची असते, टर्बिनेटला बाजूला धरून ठेवते आणि 30 दिवसांत 370 मायक्रोग्रॅम मोमेटासोन हे स्टेरॉइड जागेवरच सोडते. 2017 मध्ये सिनुवा आली: 1350 मायक्रोग्रॅम, 90 दिवस. ऑपरेशन होऊनही पॉलिप (नाकातले मऊ कोंब) परतलेल्या रुग्णांना ती बाह्यरुग्ण विभागातच बसवता येते.

अक्कलकोट, मंगळवेढ्याहून रोजंदारी बुडवून खपल्या काढून घ्यायला येणाऱ्या माणसाला वाट उघडी राहण्याचं मोल विशेष आहे. म्हणूनच जाळीची किंमत हा खरा अडसर वाटतो. स्टेरॉइडमध्ये भिजवलेला विरघळणारा स्पंज हा त्यावरचा पर्याय डॉक्टर वापरतात. मिठाच्या पाण्यानं नाक धुणं मात्र जाळी बसवली तरी सुटत नाही.