लेसर व्रणाचे नेमके काय करतो

लग्नसराई जवळ आली की कोल्हापुरात राजारामपुरीतील लेसर उपचारांच्या फलकांवर 'डाग कायमचे गायब' अशी आश्वासने झळकू लागतात, आणि 'त्या किरणांनी कॅन्सर होतो' अशी भीतीही तितक्याच खात्रीने सांगितली जाते. दोन्ही विधाने चुकीची आहेत. व्रणांसाठी, म्हणजे जखम भरल्यावर उरणाऱ्या खुणांसाठी, वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेसर, जो बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ च्या सुमारास विकसित केला, १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश देतो. क्ष-किरणांप्रमाणे डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्याच्या फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशकणात, नसते. तो केवळ उष्णता निर्माण करतो.

ही उष्णता किती वेळ टिकते, यावर सारे अवलंबून आहे. त्वचेतील पाणी हा प्रकाश मिलिमीटरच्या काही शतांशांतच शोषून घेते आणि तेवढ्या थराची क्षणात वाफ होते. तापलेल्या थराला आपली उष्णता शेजारच्या पेशींना देण्यास साधारण एक मिलिसेकंद लागतो. प्रकाशाचा झोत त्याहून कमी काळ टिकला, तर बरीचशी उष्णता वाफेबरोबरच निघून जाते. तो लांबला, तर भोवतालची त्वचा भाजून नवाच व्रण तयार होतो. नेमक्या ऊतीला तापवण्याचे हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकेतील संशोधकांनी १९८३ मध्ये मांडले. २००४ मध्ये त्यात 'फ्रॅक्शनल' पद्धतीची भर पडली: सलग थर न काढता मिलिमीटरच्या दशांशाएवढ्या रुंदीचे असंख्य सूक्ष्म स्तंभ तापवायचे आणि मधली त्वचा शाबूत ठेवायची. तिच्यातील पेशी सरकून जखम लवकर झाकतात. स्तंभांच्या कडेला कोलॅजेन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे तंतुमय प्रथिन, आकसते, विकरे व्रणातील जुने तंतू तोडतात आणि फायब्रोब्लास्ट पेशी पुढील काही महिने नवे तंतू विणत राहतात.

त्यामुळे व्रण नाहीसा होत नाही, तर मऊ आणि सपाट होतो. गुऱ्हाळातील काहिलीतला उकळता रस उडून कोपरावर झालेल्या ताठर व्रणाच्या बाबतीत हात अधिक सहज हलू लागणे हे दिसण्याहून महत्त्वाचे असते. जन्मतः असलेल्या लाल डागासाठी मात्र रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेईल असा वेगळा लेसर लागतो. तो डाग सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विस्तारामुळे असतो, आईने ग्रहणात भाजी चिरल्यामुळे नव्हे.

आपल्या सावळ्या त्वचेत उपचारानंतर काळपट डाग पडण्याचा धोका अधिक असल्याने स्तंभ विरळ ठेवावे लागतात आणि ऊन कटाक्षाने टाळावे लागते. गुऱ्हाळात राबणाऱ्यांना त्या दृष्टीने पावसाळा सोयीचा, कारण तेव्हा हंगामही बंद असतो.