शाळेचं वर्ष आणि कोयत्याचं वर्ष: मराठवाड्यातल्या लवचीक अभ्यासक्रमाची पार्श्वभूमी

2025-26 पासून पहिलीच्या वर्गात नवी पुस्तकं आली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला धरून राज्याने 2024 मध्ये शालेय शिक्षणाचा आराखडा केला आणि त्यातून ही पुस्तकं उतरली. घरच्या भाषेपासून सुरुवात करा, परिसरातली उदाहरणं घ्या, प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकू द्या, असं सध्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलं जातं. मराठवाड्यात हे प्रश्न फार जुने आहेत. इथला आराखडा कायम दुसऱ्या गावाहून आला. आधी हैदराबादहून, मग पुण्याहून आणि दिल्लीहून. तो इथल्या लेकरांच्या मापाचा करून घ्यायचं काम वर्गात उभ्या असलेल्या माणसावर पडत गेलं.

सुरुवात भाषेपासूनच झाली. निजामाच्या राज्यात सरकारी भाषा उर्दू होती आणि वरच्या इयत्तांचं शिक्षणही उर्दूतून चालायचं. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, तेही उर्दू माध्यमाचं. एका देशी भाषेत विज्ञान आणि वैद्यक शिकवण्याचं धाडस तिथे झालं, हे मान्य केलंच पाहिजे. पण औशाच्या किंवा वसमतच्या मराठी मुलाला त्याचा उपयोग काय? घरी मराठी बोलणारं पोर शाळेच्या पायऱ्या चढत गेलं की त्याची भाषा खालच्या पायरीवरच सुटायची. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे. तरीही लोकांनी शाळा काढल्या. औरंगाबादला 1915 मध्ये सरस्वती भुवन सुरू झालं. अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालय उभं राहिलं आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याला शिकवत होते आणि पुढे अंबाजोगाईला मुख्याध्यापक झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा हा नेता मुळात हाडाचा मास्तर होता. काय शिकवायचं, कोणत्या भाषेत शिकवायचं हे आम्ही ठरवू, असं म्हणणं त्या काळी राजकारणच होतं. 1938 मध्ये 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून उस्मानियातून विद्यार्थ्यांना काढलं गेलं, तेव्हा अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केलं.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान मुक्त झालं. 1950 मध्ये डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. ज्यांच्या घरात पाटीसुद्धा आली नव्हती, अशा घरांतली मुलं तिथे पदवीपर्यंत पोचली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1958 मध्ये विद्यापीठ झालं आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. शाळा मराठी झाल्या.

मराठी मुलाचा प्रश्न सुटला, पण बंजारा तांड्यावरच्या मुलापुढे तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्याच्या घरची भाषा गोरमाटी. पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून बाई विचारतात, "ही कोण?" लेकरू म्हणतं, "याडी." पुस्तकात 'आई' लिहिलेलं असतं. भाकरीच्या चित्राला ते 'बाटी' म्हणतं. दोन्ही उत्तरं बरोबर असतात. ज्या शाळेत ती चुकीची धरली जातात, तिथे ते लेकरू आठवड्याभरात बोलायचं बंद होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे गेलात तर घरात तेलुगू, उमरगा-निलंग्याच्या सीमेवर कन्नड, किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी, आणि जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात दखनी उर्दू. 'मराठी माध्यम' या दोन शब्दांखाली इतक्या भाषा गुपचूप बसलेल्या असतात. आपापल्या हस्ताक्षरात शब्दांचे तक्ते करून भिंतीवर लावणारे शिक्षक प्रत्येक काळात होते. त्यांच्या तक्त्यांना अभ्यासक्रम असं नाव कुणी दिलं नाही.

कागदावरचा इतिहास थोडक्यात असा. 1967 मध्ये पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झालं आणि राज्यभर एकच पुस्तक पोचू लागलं. स्वस्त, चांगलं छापलेलं आणि वेळेवर मिळणारं पुस्तक ही खेड्यातल्या पोरांसाठी मोठी गोष्ट होती. एकच पुस्तक म्हणजे एकच गती, हा त्याचाच दुसरा भाग. 1995 च्या अभ्यासक्रमाने प्रत्येक इयत्तेच्या किमान क्षमता ठरवल्या. 2000 पासून पहिलीलाच इंग्रजी आलं. 2005 च्या राष्ट्रीय आराखड्याने मूल स्वतः ज्ञान रचतं हा विचार पुढे आणला आणि 'ज्ञानरचनावाद' हा शब्द शिक्षकांच्या तोंडी बसला. 1 एप्रिल 2010 ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं.

त्या मूल्यमापनाचा हेतू मला आजही मोलाचा वाटतो. मूल काय करू शकतं ते वर्षभर बघा, शब्दांत लिहा, त्यावरून पुढचं शिकवणं बदला. पण वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली. 'वर्गात उत्साहाने सहभाग घेतो' हे एकच वाक्य तीस मुलांच्या नावापुढे उतरवलं गेलं. लवचीकता रजिस्टरात गेली आणि तिथेच राहिली. 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात शिक्षकांनी एकमेकांच्या शाळा पाहिल्या, फरशीवर अक्षरं आणि संख्यारेषा रंगवल्या. त्यातलं बरंचसं टिकलं, कारण ते हाताने केलेलं होतं.

मराठवाड्याची खरी अडचण मात्र कॅलेंडरची आहे. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. कोयत्याचं, म्हणजे ऊसतोडीचं, वर्ष दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतं. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या भागांतून मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरं बरोबर गेली तर उसाच्या फडाच्या कडेला कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात, धाकट्याला सांभाळतात, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतात. परत येईपर्यंत मार्च उजाडतो. अभ्यासक्रमातले मधले महिने त्यांच्या वाट्याला येतच नाहीत. या मुलांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या. मागे राहणाऱ्या मुलांना गावातच दोन वेळचं जेवण आणि सोय मिळावी म्हणून हंगामी वसतिगृहं आली. जाणाऱ्या मुलाने सोबत न्यावं, म्हणजे तिथल्या शाळेत त्याला बसता येईल, असं शिक्षण हमी कार्डही आलं. तिन्ही उपाय मुलाला शाळेजवळ ठेवण्याचे आहेत. शाळेचं वर्षच थोडं हलवून पाहावं, हा विचार कमीच झाला.

दुसरीच्या वर्गातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. दशक शिकवायला मी काड्या घेऊन बसलो होतो. दहा काड्यांना रबर लावलं आणि विचारलं, "हे काय झालं?" उत्तर 'दशक' यायला हवं होतं. फडावरून आठच दिवसांपूर्वी आलेली मुलगी म्हणाली, "मोळी." मग तिनेच सांगितलं की वाढ्याच्या पेंढ्या बांधताना ती कशा मोजते, एखादी सुटली तर बाजूला कशी ठेवते. दशक आणि सुट्टे एकक यांचा अख्खा पाठ तिच्या हातात होता. त्या दिवशी फळ्यावर मी आधी 'मोळी' लिहिलं आणि खाली 'दशक'.

याच मराठवाड्याने आणखी एक अभ्यासक्रम देशाला दाखवला, तो लातूर पॅटर्न. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून लातूरच्या महाविद्यालयांनी अकरावी-बारावी विज्ञानासाठी जादा तास, सततच्या सराव परीक्षा आणि कडक वेळापत्रक बसवलं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत खेड्यांतली मुलं दिसू लागली, शेतकऱ्यांची पोरं डॉक्टर झाली. मी त्याला कमी लेखणार नाही. अभ्यासक्रम म्हणजे परीक्षेची तयारी, हा समज मात्र तिथूनच खाली झिरपत पाचवीपर्यंत आला. आज तालुक्याच्या गावी पाचवीच्या मुलालाही सराव चाचणी असते. चित्रकला, हस्तकला, कार्यानुभव हे तास सगळ्यांत आधी गणिताला दिले जातात.

2023-24 पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. नव्या आराखड्यात स्थानिक भाषा आणि परिसराला जागा आहे, आणि त्याच वेळी ही परीक्षाही आहे. मार्चमध्ये फडावरून आलेला पाचवीचा मुलगा एप्रिलमध्ये त्या परीक्षेला बसतो. नापास झाला तर फेरपरीक्षा आहे. मधल्या काही आठवड्यांत त्याला काय शिकवायचं, किती, आणि कुठून सुरुवात करायची, हे ठरवणारा अजूनही त्याच्या वर्गावरचा शिक्षकच आहे.