यंग अॅडल्ट फँटसी रोमान्स नेमकी आली कुठून?

मुलगी सोळा-सतराची, मुलगा दिसायला भयंकर देखणा पण पूर्ण माणूस नाही, मधे एखादा शाप नाहीतर राजगादीचं भांडण, आणि तीनशे पानं उलटल्यावर कुठं पहिला किस. हायस्कूलच्या वयाच्या, म्हणजे यंग अॅडल्ट किंवा वायए वाचकांसाठीच्या फँटसी रोमान्सचा हा साचा आता इतका ठरलेला आहे की बरेच जण म्हणतात हे सगळं ट्वायलाइट या व्हॅम्पायर प्रेमकथेपासून, म्हणजे २००५ पासून सुरू झालं. धंद्याच्या हिशेबानं बघितलं तर खरंय ते, पण गोष्टीच्या हिशेबानं साफ चूक. गोष्ट जुनीच आहे, आणि तिचा इतिहास खरं तर या एकाच भांडणाचा आहे की ही पुस्तकं कुणाच्या कपाटात ठेवायची, आणि ते ठरवायचं कुणी.

ब्यूटी अँड द बीस्टच घ्या ना, शापानं पशू झालेल्या राजपुत्राची आणि त्याच्याकडे राहायला आलेल्या मुलीची गोष्ट. १७४० मधे फ्रान्समधे गॅब्रिएल-सुझान द विलनव्ह या बाईंनी ती लिहिली, ती चांगली लांबलचक आणि मोठ्यांसाठी होती, त्यात बीस्ट रोज रात्री जेवणानंतर मुलीला विचारतो की आज माझ्यासोबत झोपशील का, इतकं सरळ. मग १७५६ मधे ल प्रँस द बोमाँ या दुसऱ्या बाईंनी, ज्या लंडनमधे बड्या घरच्या मुलींना शिकवायच्या, तीच गोष्ट कापून छोटी केली आणि मुलींसाठीच्या पुस्तकात घातली, तिथं मात्र बीस्ट विचारतो की माझ्याशी लग्न करशील का. बास, एक प्रश्न बदलला आणि पुस्तक मोठ्यांच्या कपाटातून मुलींच्या कपाटात. आज आपल्याला माहितीय ती गोष्ट ही दुसरी, पहिली कुणाला आठवत पण नाही. संपादक अजूनही हेच काम करतात, फक्त आता त्याला फेड टू ब्लॅक म्हणतात, म्हणजे दोघं खोलीत गेले की प्रसंग तिथंच तोडायचा.

दुसरं मूळ स्कॉटलंडच्या पोवाड्यांमधे आहे. टॅम लिन नावाच्या जुन्या बॅलडमधे जॅनेट नावाची मुलगी परीलोकात अडकलेल्या तरुणाला सोडवायला हॅलोविनच्या रात्री एकटी जाते, परीराणीची वरात येते, ही त्याला घोड्यावरून खाली खेचते आणि मग तो तिच्या मिठीत साप होतो, अस्वल होतो, सिंह होतो, शेवटी धगधगता निखारा होतो, आणि तिनं फक्त सोडायचं नसतं. परीराणी मग संतापून म्हणते की हे आधी कळलं असतं तर त्याचे डोळे काढून लाकडाचे बसवले असते. (प्रत्येक प्रतीत प्राणी वेगळे, पण ‘सोडू नकोस’ हे सगळीकडे.) आजच्या परीलोकातल्या राजपुत्रांच्या जाडजूड सिरीजमधे राजकारण भरपूर असतं, पण मुलीनं मुलाला सोडवायचं आणि तेही धाक असताना, हे इथूनच आलंय, आणि मला तरी त्या चार ओळींच्या कडव्यांमधे जास्त भीती वाटते.

आता किशोरवयीन वाचक हे गिऱ्हाईक कधी झालं? अमेरिकेत १९४२ ला मॉरीन डेलीची सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रेमाची कादंबरी आली, १९५७ मधे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनमधे या वयासाठी वेगळा विभाग झाला, आणि १९६७ मधे एस. ई. हिंटननं, जिनं लिहिलं तेव्हा ती स्वतः हायस्कुलात होती, मुलांच्या टोळ्यांवरची कादंबरी काढून सगळ्यांना दाखवून दिलं की ही पोरं स्वतःबद्दल वाचायला तयार आहेत. पण गंमत अशी की लायब्ररीवाल्यांना हवा होता वास्तववाद, ड्रग्ज, घटस्फोट, गरोदरपण असले विषय. रोमान्स म्हणजे हलकं, फँटसी म्हणजे लहान मुलांचं, त्यामुळे दोन्ही बाजूला पडले. ऐंशीच्या दशकात शाळकरी रोमान्सच्या स्वस्त पेपरबॅक सिरीज मॉलमधल्या दुकानांतून धडाधड खपल्या, १९८३ ची स्वीट व्हॅली हाय त्यातली सगळ्यात गाजलेली, पण त्यात जादू नाही, सगळा मामला शाळेतला.

दोन्ही धागे एकत्र बांधले ते दोघींनी. रॉबिन मॅकिन्लीनं १९७८ मधे ब्यूटीची गोष्ट कादंबरी म्हणून परत लिहिली, तिची नायिका स्वतःला कुरूप समजणारी, पुस्तकांत बुडालेली, आणि बीस्टच्या लायब्ररीत अशी पुस्तकं आहेत जी अजून लिहिलीच गेलेली नाहीत. वाचणाऱ्या मुलीला गळाला लावायला याहून भारी आयडिया नाही बघा! दुसरी टॅमोरा पियर्स. तिनं मुलाचा वेष घेऊन नाइट, म्हणजे राजाचा सरदार-योद्धा, व्हायला निघालेल्या मुलीची एकच मोठी कादंबरी मोठ्यांसाठी लिहिली होती, त्याच काळात ती मुलींच्या एका वसतिगृहात काम करत होती, तिथल्या मुलींना हस्तलिखित वाचायला देता येत नव्हतं म्हणून ती त्यांना जमेल तेवढं कापून तोंडी सांगायची. पुढे एजंटनं सुचवलं की हे किशोरवयीनांसाठी चार पुस्तकांत कर, पहिलं १९८३ ला आलं. म्हणजे पुन्हा तेच, मोठ्यांचं पुस्तक छाटून मुलींना, फक्त या वेळी छाटणी झाली समोर बसलेल्या वाचक मुलींमुळे.

नव्वदीत व्हॅम्पायर आले. एल. जे. स्मिथची व्हॅम्पायर डायरीज १९९१ ची, म्हणजे ट्वायलाइटच्या तब्बल चौदा वर्षं आधीची, दोन भाऊ आणि एक मुलगी हा लव्ह ट्रँगल तिथं तयारच होता. पण ती पुस्तकं तिनं पॅकेजिंग कंपनीसाठी, म्हणजे कल्पना स्वतः ठरवून लेखकाकडून पुस्तक लिहून घेणाऱ्या कंपनीसाठी, कंत्राटावर लिहिलेली, हक्क तिचे नाहीत, टीव्ही सिरियल चालू असताना २०११ मधे तिलाच काढलं आणि पुढचे भाग दुसऱ्याकडून लिहून घेतले, मग २०१४ मधे तिनं अॅमेझॉनवर स्वतःच्याच पात्रांची फॅनफिक्शन, म्हणजे चाहते दुसऱ्याच्या पात्रांवर लिहितात तशी गोष्ट, टाकली. या क्षेत्रात लेखकाचं काय होतं ते यात आलं.

तरी पैसा आला तो हॅरी पॉटरमुळेच. रोमान्स त्यात जेमतेम, पण प्रकाशकांना कळलं की पोरं सातशे पानी हार्डबाउंड घेतात आणि रात्री बाराला रांग लावतात. न्यू यॉर्क टाइम्सनं २००० मधे मुलांच्या पुस्तकांची वेगळी बेस्टसेलर यादी काढली ती याच पुस्तकांनी मोठ्यांची यादी अडवून ठेवली म्हणून. रांग लावून वाढलेली ही पोरं पंधरा-सोळाची झाली तेव्हा त्यांच्यापुढे ट्वायलाइट आलं, टायमिंग जबरदस्त. चौथा भाग २ ऑगस्ट २००८ ला आला आणि अमेरिकेत एका दिवसात १३ लाख प्रती गेल्या. मग काय, काळं कव्हर, त्यावर एक लाल वस्तू, आत स्वर्गातून हाकललेला देवदूत नाहीतर लांडगा, बघता बघता इतकी पुस्तकं आली की अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबल या पुस्तक दुकानांच्या साखळीनं ‘टीन पॅरानॉर्मल रोमान्स’ असं स्वतंत्र कपाटच लावलं. त्यातली बहुतेक आज वाचवत नाहीत, खरं सांगायचं तर.

या सगळ्याच्या खाली एक शाळा मात्र गुपचूप चालू होती, फॅनफिक्शनची. १९९८ पासून फॅनफिक्शन डॉट नेटवर पोरी एकमेकींसाठी लिहीत होत्या, रोज एक चॅप्टर, खाली लगेच कमेंट, कुणाला कुठं रडू आलं ते त्याच दिवशी कळायचं. कॅसँड्रा क्लेअर फॅनफिक्शनमधूनच आली. सारा जे. मासनं थ्रोन ऑफ ग्लासची सुरुवात सोळाव्या वर्षी करून फिक्शनप्रेस या तशाच साइटवर टाकलेली, छापील पुस्तक २०१२ ला आलं. स्लो बर्न (हळूहळू जुळणारं प्रेम), एनिमीज टू लव्हर्स (आधी वैर, मग प्रेम) ही भाषा प्रकाशकांनी शोधलेली नाही, ती फॅनफिक्शनच्या साइट्सवरच्या टॅगांमधून आली, आणि २०२० नंतर बुकटॉकवर, म्हणजे टिकटॉकवरच्या पुस्तकवेड्यांच्या व्हिडिओंमधे, तेच टॅग पुस्तक विकायला लागले.

आता खरा गुंता. पुस्तकविक्रीची माहिती गोळा करणाऱ्या बाउकर कंपनीच्या २०१२ च्या पाहणीत दिसलं की १२ ते १७ वयासाठीची पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक १८ किंवा त्याहून मोठे आहेत, आणि त्यातले बहुतेक स्वतःसाठीच घेतात. प्रकाशकांनी हिशेब केला असणारच. नायिका सतराची एकोणीसची झाली, पानं वाढली, आणि २०१५ मधे मासची अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस आली, पहिला भाग ब्यूटी अँड द बीस्टवर बेतलेला, नायकाचं नाव चक्क टॅमलिन, कपाट वायएचं. पुढचे भाग इतके तापले की २०२० मधे नवीन कव्हर घालून ती मोठ्यांची म्हणून विकायला काढली, म्हणजे बोमाँबाईंनी केलं त्याच्या बरोब्बर उलट. मधल्या काळात २०१८ ला टोमी अडेयेमीनं पश्चिम आफ्रिकी पुराणांवर उभी केलेली सिरीज गाजली आणि सगळे राजपुत्र गोरेच का हा प्रश्न निदान ऐकू तरी आला. पण तेरा-चौदाच्या वाचकाची जागा मात्र आक्रसत गेली, त्याच्यासाठी एकतर मिडल ग्रेड, म्हणजे त्याहून लहान मुलांची पुस्तकं, नाहीतर थेट ही तापलेली.

आणि मग कायदा आला. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या नियमाप्रमाणे तीन स्कूल डिस्ट्रिक्टांनी, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांनी, एखादं पुस्तक अश्लील ठरवून काढलं की ते राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांतून जातं. ऑगस्ट २०२४ मधे पहिली यादी निघाली, १३ पुस्तकांची, त्यात सहा एकट्या मासची. पाच या कोर्टवाल्या सिरीजची, जी प्रकाशकानं चार वर्षांपूर्वीच मोठ्यांकडे नेली होती पण शाळेच्या लायब्ररीतल्या प्रतींवर कव्हर जुनं असो की नवं, ती वाचायला घेणारी पोरं शाळकरीच होती, आणि सहावं पुस्तक थ्रोन ऑफ ग्लास सिरीजमधलं, जी सोळा वर्षांच्या मुलीनं लिहायला घेतली होती.