डिस्क गोल्फ : नवशिक्यांचा छोटा कोर्स

प्लास्टिकची तबकडी (डिस्क) टप्प्याटप्प्याने फेकत, साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये कमीत कमी फेकींत टाकण्याचा मैदानी खेळ. पहिला कायमस्वरूपी कोर्स (खेळाचे आखलेले मैदान) अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली एड हेड्रिक यांनी आखला. साखळ्यांच्या बास्केटचे पेटंट त्यांना १९७७ मध्ये मिळाले.

पूर्ण कोर्स सहसा १८ होलचा असतो (होल म्हणजे पहिल्या फेकीच्या जागेपासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा). नवशिक्यांच्या छोट्या कोर्सवर बहुधा ९ होल असतात. प्रत्येकाची लांबी साधारण ४० ते ७५ मी., पार (अपेक्षित फेकी) ३. तिघाचौघांची फेरी तासाभरात आटोपते.

अशा कोर्सवर एक पुटर (जवळच्या फेकीसाठी) आणि एक मिडरेंज (मध्यम अंतरासाठी) एवढ्या डिस्क पुरतात. पुटरची कड जाड आणि बोथट असते, त्यामुळे तो सावकाश, बराचसा सरळ जातो. ड्रायव्हरची, म्हणजे लांब फेकीच्या डिस्कची, कड पातळ. त्याला लागणारा वेग नवख्या हाताला देता येत नाही आणि डिस्क लवकरच कडेला वळून खाली येते. तरी दुकानात पहिली नजर जाते ती ड्रायव्हरवरच.

बॅकहँड फेकीसाठी उजव्या हाताच्या खेळाडूने उजवा खांदा बास्केटकडे करावा, डिस्क छातीच्या उंचीवर मागे न्यावी आणि छातीलगत सरळ रेषेत ओढून सोडावी. पुढची कड वर उचलली गेली तर डिस्क हवेत चढते, थबकते आणि पडते. नवशिक्यांची फेक आखूड पडते ती बहुतेक वेळा याच कारणाने, ताकद कमी पडल्याने नव्हे. मनगटाची फिरकी कमी पडली की डिस्क डगमगते. वेग ओसरताना ही फेक डावीकडे झुकते, म्हणून नेम बास्केटच्या थोडा उजवीकडे धरावा. डावखुऱ्यांसाठी सगळे उलट.

पहिल्या फेकीनंतर ज्याची डिस्क बास्केटपासून सर्वांत लांब, तो आधी फेकतो. पडलेल्या डिस्कच्या बास्केटकडील बाजूला, तिला टेकवून, छोटी खूण-डिस्क ठेवतात. फेकताना एक पाय या खुणेच्या लगेच मागे, २० सेंमी. रुंद व ३० सेंमी. लांब जागेत हवा. बास्केटपासून १० मी.च्या आत फेकल्यावर तोल सावरल्याखेरीज खुणेपुढे जाता येत नाही. डिस्क हद्दीबाहेर गेली तर एक फेक दंड. हरवलेली डिस्क शोधायला ३ मिनिटे मिळतात, नंतर तिथेही एक दंड.

छोट्या कोर्सवर गुण वाचतात ते या १० मी.मध्येच. साखळ्यांच्या मधोमध, खांबाच्या किंचित उजवीकडे आणि बेताच्या जोराने टाकलेली डिस्क खाली ट्रेमध्ये बसते. जोरात टाकलेली खांबावर आपटून बाहेर उडते. डिस्क बास्केटच्या माथ्यावर जाऊन बसली तर ती आत गेली असे धरत नाहीत, आणखी एक फेक घ्यावीच लागते.

छोट्या कोर्सवर होल एकमेकांना खेटून असतात. पुढचा गट टप्प्याबाहेर गेल्याशिवाय फेकू नये, आणि डिस्क कोणाच्या रोखाने गेलीच तर ‘फोर’ असे मोठ्याने ओरडावे.